बारावीनंतर फौजेत जायचंय? आधी जन्मतारीख बघा, मग बूट घ्या

पहाटे साडेचारला रस्त्यावर पळणारी पोरं भेटली की मी त्यांना टायमिंग विचारत नाही, जन्मतारीख विचारतो. पोरं गोंधळतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढतोस, बीम (पुल-अप्स) किती मारतोस, याची उत्तरं त्यांच्या तोंडावर असतात. जन्मतारखेचा पळण्याशी काय संबंध? मग मी विचारतो, एनडीएचा, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का? त्यावर बहुतेक जण हसतात. "ते आपल्यासारख्यांसाठी नसतंय."

हे कोणी ठरवलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. शंभर रुपयांचा फॉर्म आहे, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना तोही फुकट. बारावीत शिकत असतानाच भरता येतो. तरी दोन-दोन वर्षं भरतीसाठी पळणाऱ्या पोराने तो एकदाही भरलेला नसतो, आणि भरावासा वाटतो तेव्हा वय निघून गेलेलं असतं. म्हणून हा लेख पळण्यापासून सुरू होत नाही.

पहिलं काम: दाखल्यावरची तारीख आणि कॅलेंडर

बारावीच्या आसपास फौजेची दोन मोठी दारं उघडी असतात. एक अधिकाऱ्याचं, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी, आपली खडकवासल्याची एनडीए. दुसरं जवानाचं, म्हणजे अग्निवीर. दोन्हींना वयाचं कुलूप आहे आणि एनडीएचं कुलूप आधी लागतं.

एनडीएचा कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पहिलीचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, दुसरीचा पुढच्या जुलैत. एक उदाहरण घेऊन मोजू. मुलीचा जन्म १५ ऑगस्ट २००८ चा आहे आणि तिने मार्च २०२६ मध्ये बारावी दिली. बारावीत असतानाच २०२५ ची सप्टेंबरची परीक्षा तिला देता येत होती. मग २०२६ च्या दोन, आणि २०२७ ची एप्रिलची. एकूण चार. २०२७ च्या सप्टेंबरच्या परीक्षेला मात्र ती वयात बसत नाही.

चार संधी म्हणजे पुष्कळ झाल्या. पण बारावीचा निकाल लागल्यावर जागं होणाऱ्याच्या हातात त्यातल्या दोनच उरतात, आणि "आधी एक वर्ष भरतीचं बघतो" म्हणणाऱ्याला एकही नाही. तुमची तारीख घेऊन अशी मोजणी आजच कागदावर करा. लग्न झालेलं नसावं ही अटही आहे.

अग्निवीरचं दार साडेसतराला उघडतं. जून २०२२ मध्ये योजना आली तेव्हा वरची मर्यादा एकवीस ठेवली होती, त्या पहिल्या वर्षापुरती तेवीस केली. अशी मर्यादा सरकायची शक्यता असते, म्हणून त्या वर्षीच्या जाहिरातीत छापलेल्या जन्मतारखा बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकोत.

दुसरं काम: तुमची शाखा कोणत्या दाराला चालते

एनडीएतून आर्मीत जायला बारावी कोणत्याही शाखेतून चालते. कला शाखेतून, वाणिज्यमधूनही. हे वाक्य मुद्दाम दोनदा वाचा, कारण निम्मी पोरं इथेच गळतात. नेव्ही आणि एअर फोर्ससाठी मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही परीक्षेतल्या गणिताच्या पेपरातून सुटका नाही, ते वेगळं सोसावं लागतं.

विज्ञानवाल्यांना आणखी दोन-तीन वाटा आहेत. आर्मीची टेक्निकल एन्ट्री आणि नेव्हीची बी.टेक. कॅडेट एन्ट्री यांना यूपीएससीची लेखी नसते. जेईई मेनचे गुण बघून थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या पाच दिवसांच्या चाचणीला बोलावतात. म्हणजे इंजिनिअरिंगसाठी जेईई देणाऱ्याने हे फॉर्म न भरणं हा निव्वळ आळस. नीट देणाऱ्यांसाठी पुण्याचं एएफएमसी, म्हणजे फौजेचं मेडिकल कॉलेज आहे.

मुलींसाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएचं दार उघडलं. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडल्या. अग्निवीर म्हणूनही आर्मीच्या मिलिटरी पोलिसांत, नेव्हीत आणि एअर फोर्समध्ये मुलींना जाता येतं.

आणि उंची. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या जागेसाठी, महाराष्ट्रातल्या मुलाला १६८ सेंटिमीटर लागतात. एनडीएला १५७ पुरतात. रॅलीत, म्हणजे भरतीच्या मैदानावर, उंचीच्या दांड्याखाली दोन सेंटिमीटरने गेलेलं पोर रडत घरी येतं, तेव्हा त्याला हे सांगणारं कोणी नसतं की अधिकाऱ्याच्या दाराला तो दांडा अकरा सेंटिमीटर खाली आहे.

एनडीएची लेखी: भीती किती खरी

गणित ३०० गुणांचं, १२० प्रश्न. जनरल ॲबिलिटी ६०० गुणांची, १५० प्रश्न, त्यातले २०० गुण इंग्रजीचे, बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. प्रत्येक पेपरला अडीच तास. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही.

आता दुसरी बाजू. २०२१ ते २०२४ या वर्षांत लेखीचा कटऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिला. म्हणजे एक तृतीयांशाच्या थोडं पुढेमागे. नव्वद टक्केवाल्यांचीच ही परीक्षा, ही समजूत इथे कोसळते. जे येतं ते नेमकं सोडवणं आणि जे येत नाही ते सोडून देणं, एवढी शिस्त असलेलं मध्यम गुणांचं पोर पास होतं. उलट हुशार पोरं तुक्के मारून मायनसमध्ये बुडालेली मी बघितली आहेत.

मराठी माध्यमातल्यांनी गणिताच्या संज्ञा आधी इंग्रजीत पाठ कराव्यात. सारणिक, विकलन, सदिश हे सगळं येत असतं, पण पेपरात ते दुसऱ्या नावाने समोर येतं आणि ओळखू येत नाही. महिनाभराचं काम आहे. बाकी अकरावी-बारावीचं पुस्तक आणि यूपीएससीच्या साइटवरचे जुने पेपर. दहा जुने पेपर घड्याळ लावून सोडवले नसतील तर क्लासला पैसे भरू नका.

घरात कोणी धाकटं दहावीत असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था लक्षात ठेवा. तिला सगळे एसपीआय म्हणतात. १९७७ पासून राज्य सरकार ती चालवतं, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे.

अग्निवीरचा हिशेब घरी बसून करा

या वाटेत कमीपणा काही नाही. पण डोळे उघडे ठेवून जा. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००, पण त्यातले तीस टक्के सेवा निधीत कापले जातात. म्हणजे हातात सुरुवातीला २१,००० आणि शेवटी २८,०००. सरकार तेवढीच रक्कम निधीत टाकतं. चार वर्षांनी बाहेर पडताना दोन्ही मिळून सुमारे १०.०४ लाख आणि वर व्याज, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. विमा ४८ लाखांचा, त्याचा हप्ता तुमच्याकडून घेत नाहीत. वर्षाला रजा ३० दिवस. एका तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना पुढे कायम करतात.

शेवटचं वाक्य आईवडिलांसमोर मोठ्याने वाचा. चौघांतला एक आत राहील, तिघे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी येतील. तेव्हा काय? निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागांची आणि वयात सवलतीची घोषणा २०२२ मध्ये झाली. सेवेत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते, दहावीवर गेलेल्याला एनआयओएस या मुक्त शाळेतून बारावी करता येते. माझं मत विचाराल तर बारावी पूर्ण केल्याशिवाय जाऊ नका आणि पहिल्याच वर्षी पदवीला नाव नोंदवा. चौथ्या वर्षी सुचून उपयोग नाही. स्वतःच्या मर्जीने चार वर्षांच्या आत सोडूनही येता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच.

जनरल ड्यूटीला दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी विज्ञान, क्लार्कला बारावी ६० टक्के. फॉर्म joinindianarmy या नावाच्या सरकारी साइटवर, फी २५०. (नाव रोमन लिपीत टाइप करावं लागतं, एवढं एकच इंग्रजी तुम्हाला इथे लागेल.) आधी संगणकावर परीक्षा, ती अलीकडे मराठीतूनही देता येते. जनरल ड्यूटीला तासाभरात ५० प्रश्न, १०० गुण. त्यात निवडलेल्यांनाच रॅलीला बोलावतात. २०२३ च्या आधी उलटं होतं, आधी मैदान, मग पेपर. कित्येक गावांत अजून जुन्याच पद्धतीची तयारी चालू आहे, वर्षभर नुसतं पळायचं. आता पेपरात गेलात तर मैदान बघायलाही मिळत नाही.

शरीर: आधी डॉक्टर, मग धाव

सगळे उलटं करतात. दीड वर्ष पळतात आणि मेडिकलला गुडघे चिकटतात म्हणून परत येतात. हे दोन मिनिटांत घरी कळतं. ताठ उभं राहा, पाय जवळ आणा. घोटे टेकायच्या आधीच गुडघे एकमेकांना घासत असतील तर डॉक्टरला दाखवा. ओला तळवा फरशीवर ठेवून उचला. ठशात मधली कमान दिसत नसेल, पूर्ण पाऊल उमटत असेल, तर सपाट तळव्याची शंका आहे.

मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक मागून घ्या. रंगआंधळेपणाचा पत्ता कित्येकांना अठराव्या वर्षी तिथेच लागतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे कानातला मळ आणि नाकाचं हाड. दातांच्या डॉक्टरकडे किडलेले दात. पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा, मूळव्याध, हायड्रोसील, व्हेरिकोसील यांचं लाजून लपवू नका. यातलं बरंच काही वेळेत ऑपरेशन केलं तर सुटतं, पण जखम भरायला महिने लागतात. चष्मा असला तरी एनडीएतून आर्मीत ठरावीक नंबरापर्यंत चालतो. मात्र लेसरने नंबर काढायचा खटाटोप या वयात करू नका, विसाव्या वर्षाआधी केलेलं ऑपरेशन नियमात बसत नाही. टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या पाठीवर चालतो. छातीवरचा वाघ आणि दंडावरचं नाव चालत नाही.

आता धाव. अग्निवीरला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की ६० गुण. बीमचे दहा झाले की ४०. शिवाय नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स पास व्हावं लागतं, त्यांना गुण नाहीत. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंदांत. रॅलीत शंभरभर पोरं एकदम सुटतात आणि पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारून तिसऱ्या फेरीत आडवी होतात. तुम्ही ब्याऐंशीचा ताल पायात बसवा.

पहिले दोन महिने फक्त सावकाश पळा, बोलता येईल इतक्या वेगाने, आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू पाच-सहा किलोमीटरपर्यंत. जमलं तर मातीवर. डांबरावर फाटक्या बुटांनी पळून नडगी धरली की महिना गेला. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा चारशे मीटरच्या फेऱ्या ब्याऐंशी सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. सुरुवातीला चार, मग सहा. पूर्ण सोळाशे घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच. बीमला झटके मारू नका. एकही होत नसेल तर उडी मारून वर लटका आणि सावकाश खाली या, पंधरवड्यात पहिला बीम निघतो.

रॅलीच्या आदल्या दिवशी कोणी "ताकदीचं" इंजेक्शन देतो म्हणाला तर तिथून निघून जा.

कागद

दहावीची सनद, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव, आडनाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर एकच हवी. "राजेंद्र" आणि "राजेन्द्र", इतका फरकही मैदानावर छळतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच बघा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. डोमिसाइल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, एनसीसी किंवा खेळाची प्रमाणपत्रं असतील तर ती. एनसीसीला अग्निवीरमध्ये बोनस गुण आहेत. महाराष्ट्रातली सैन्य भरती कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते जाहिरातीत असतं.

एसएसबी: पाच दिवस

लेखीनंतर एसएसबी, तिलाही ९०० गुण. मी स्वतः दोनदा गेलो. पहिल्यांदा पहिल्याच दिवशी दुपारी बॅग उचलून स्टेशनवर, दुसऱ्यांदा शेवटच्या दिवसापर्यंत टिकलो आणि नाव आलं नाही. तेव्हा हे पडलेल्याचे बोल आहेत, त्या हिशेबाने घ्या.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बसून चर्चा करायची. मी ओरडलो. सगळेच ओरडत होते, मासळीबाजार झाला होता. निवडले गेले ते दोघे बऱ्यापैकी शांत होते आणि दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घालत होते.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. साठ प्रसंग तीस मिनिटांत. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी इथे लिहू नका. पुरात अडकलेल्या गावाला वाचवणारा नायक तपासणाऱ्याने हजार वेळा वाचलेला असतो. तुम्ही गणपती मंडळाचा हिशेब ठेवला असेल, बहिणीच्या ॲडमिशनसाठी तीन खेपा घातल्या असतील, वडील आजारी असताना शेताला पाणी दिलं असेल, तर तसं माणूस गोष्टीत दिसू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मैदानावरची कामं. फळ्या, दोर आणि पिंप घेऊन गटाने अडथळे पार करायचे, तीन मिनिटांत दहा वैयक्तिक अडथळे, छोटं भाषण. मधल्या एखाद्या दिवशी मुलाखत. त्यात घर, शाळा, मार्क, मित्र, गाव यांवर एका दमात दहा-दहा प्रश्न येतात. तालुक्यात कोणतं पीक निघतं, धरण कोणतं, हे माहीत नसलेला मुलगा सियाचीनवर बोलायला लागला की समोरचा मनात हसत असावा. इंग्रजी साधं चालतं, अडखळलेलं चालतं, पाठ केलेलं चालत नाही. घरी रोज दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोला, भिंतीशी बोललात तरी चालेल.

लेखी पास झालात की लगेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या मुलांना एसएसबीची तयारी राहण्याजेवणासह मोफत करून घेतात. हजारो रुपये घेणाऱ्या क्लासांच्या जाहिराती सगळीकडे असतात, या केंद्राची पाटी तुमच्या गावात कोणी लावणार नाही. एसएसबीला जाताना रेल्वेचं तिकीट जपून ठेवा, पहिल्यांदा जाणाऱ्याला भाडं परत मिळतं.

निवड झाली तर लष्करी रुग्णालयात मेडिकल, मग मेरिट. मेडिकलमध्ये अनफिट ठरवलं तर अपील करता येतं, कागदावर सही करून निघून येऊ नका. मेरिटमध्ये आलात तर खडकवासल्यात तीन वर्षं आणि जेएनयूची पदवी, पुढचं वर्ष आर्मीवाल्यांचं डेहराडूनला. त्या वर्षी महिना ५६,१०० स्टायपेंड सुरू होतो.

मध्येच कोणी भेटेल

रॅलीच्या मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर एखादा भेटतोच. आतल्या साहेबाशी ओळख आहे, तीन लाख द्या, काम झाल्यावर बाकीचे. त्याची पद्धत अशी की तो दहा जणांकडून पैसे घेतो, काही करत नाही. त्यातले दोघे स्वतःच्या बळावर लागतात, त्यांचे पैसे ठेवतो, आठ जणांचे परत करतो किंवा करत नाही. मूळ प्रमाणपत्रं तर कोणाच्याच हातात देऊ नका, अकॅडमीवाल्याच्याही नाही.

एनडीए झालं नाही आणि वय गेलं, तर पदवीला जाताना एनसीसी असलेलं कॉलेज निवडा. एनसीसीचं सी प्रमाणपत्र आणि पदवी हातात असली की आर्मीच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी नसते, थेट एसएसबी. सीडीएस, म्हणजे पदवीधरांना अधिकारी करणारी यूपीएससीची परीक्षाही तेव्हा खुली होते. तोवर मोबाइलमध्ये दोन आठवणी लावून ठेवा. यूपीएससीची एनडीएची जाहिरात साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात येते, फॉर्मची मुदत तीन आठवड्यांच्या आसपास असते, आणि शेवटच्या रात्री साइट चालत नाही.